आमच्या सुबत्तेची जाहिरात

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांतील भांबराजा आणि अंतरगांव हीं दोन गांवें किती सुखी आहेत, हें त्या गांवांस सोडून बाकी साऱ्या देशास कसें कळलें, त्याची ही हकीकत आहे. हकीकत जुनी आहे. परंतु मृग जवळ आला कीं बियाण्याच्या दुकानांवर जे रंगीत फलक चढतात आणि बोंडांनीं लगडलेल्या पऱ्हाटीचीं जीं चित्रें मोबाईलवर हातोहात फिरूं लागतात, तीं पाहून ती पुन्हां सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. ज्या बांधवांस ती ठाऊक असेल त्यांनीं घरांतील लेकरांना वाचून दाखवावी. तेवढाच वाचनाचा सराव.

२००६ सालीं त्या वेळचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भांत आले आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करून गेले. कां आले, तें आमच्या वाचकांस सांगण्याची गरज नाहीं. कोणत्या गांवीं कोणत्या घरचा कर्ता गेला, याची मोजदाद तेव्हां वर्तमानपत्रें रोज करीत होतीं. अशा जिल्ह्यांत दोनच वर्षांनीं एकाएकीं सोनें उगवलें.

ता. ३१ ऑक्टोबर २००८ रोजीं ‘टाइम्स ऑफ इंडिया’ ह्या बड्या इंग्रजी पत्राच्या नागपूर आवृत्तींत ह्या दोन गांवांवर एक सबंध पान छापून आलें. बीटी कापूस, म्हणजे दुकानांत ज्याला ‘बोलगार्ड’ म्हणत तो, पेरल्यापासून येथें सामाजिक व आर्थिक क्रांति झाली. लोक शेतीवर भरभराटले. फवारणीचा खर्च वांचून एकरीं वीस हजारांचा जादा लाभ होऊं लागला. आणि ह्या गांवांत कोणी आत्महत्या करीत नाहीं, असा त्याचा आशय. पानाच्या एका कोपऱ्यांत, भिंग घेऊन वाचावें अशा अक्षरांत, एवढेंहि छापलें होतें कीं वार्ताहरांच्या ह्या यवतमाळच्या फेरीची व्यवस्था महिको-मॉन्सँटो बायोटेक कंपनीनें केली होती. हीच कंपनी बोलगार्डचें तंत्र देशांत विकणारी. म्हणजे नवऱ्या मुलाच्या गाडींत बसून, नवऱ्या मुलाची चौकशी करून आलेल्या सोयऱ्यानें स्थळ उत्तम आहे म्हणून सांगावें, तशांतली गोष्ट.

एवढ्यावर थांबलें असतें तर आम्ही म्हटलें असतें, असो. वार्ताहर शहरचे, पाहुणचार झाला, चार हिरवीं वावरें पाहिलीं, लिहिलें. पण पुढें तीन वर्षांनीं, ता. २८ ऑगस्ट २०११ रोजीं, तेंच पान त्याच पत्रांत पुन्हां अवतरलें. शब्दाला शब्द तोच. ह्या खेपेस मात्र तें बातमी म्हणून आलें नव्हतें, पैसे घेऊन छापलें होतें. आणि ‘जाहिरात’ हा सरळ शब्द टाळून त्याला ‘कन्झ्युमर कनेक्ट इनिशिएटिव्ह’ असें भारदस्त नांव दिलें होतें. तीन वर्षांत त्या गांवांत काय झालें, कोण राहिलें, कोण गेलें, हें पाहावयास कोणी गेलें नाहीं. दुसऱ्याच दिवसापासून कंपनीच्या उघड जाहिरातींची रांग सुरू झाली.

आतां ह्या सगळ्या प्रकरणांतील आमच्या मतें सर्वांत बोलकी गोष्ट ऐका. २००८ चें पान नागपूर आवृत्तींत आलें होतें. २०११ चें पान देशांतील अनेक आवृत्त्यांत आलें, फक्त नागपूरच्या आवृत्तींत आलें नाहीं. कां बरें? नागपुरास आमचा माणूस रोज एस. टी. नें जातो. दवाखान्यांत जातो, कोर्टांत जातो, मुलीच्या घरीं जातो. त्यानें किंवा त्याच्या कॉलेजांतील पोरानें तें पान पाहिलें असतें आणि चार लोकांत मोठ्यानें हंसला असता. ज्या गांवचें सुख विकावयाचें त्या गांवच्या वेशीपासून माल जितका दूर, तितका तो बरा खपतो.

हा सारा प्रकार पी. साईनाथ ह्या पत्रकारानें ता. १० मे २०१२ च्या ‘हिंदू’ पत्रांत उघडकीस आणला. कंपनीचें म्हणणें काय, तेंहि त्यांत दिलें आहे, आणि तें आम्हीहि सांगितलें पाहिजे. कंपनी म्हणाली, २००८ सालीं आम्हीं वार्ताहरांच्या फक्त जाण्यायेण्याची सोय केली, लिहिलें तें त्यांनीं आपल्या बुद्धीनें. आणि २०११ सालचें पान हें जुन्या मजकुराचें कांहीं फेरफार न करतां केलेलें पुनर्मुद्रण होतें. फेरफार केला नाहीं, हीच तर तक्रार आहे!

मार्च २०१२ मध्यें बासुदेव आचार्य यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या कृषिविषयक स्थायी समितीचे खासदार भांबराजास आले. सुखी गांव पाहावयास मिळेल अशी त्यांतील कोणाची समजूत असेल तर ती पारावरच फिटली. लोक गोळा झाले आणि म्हणाले, आमच्या गांवांत चौदा आत्महत्या झाल्या आहेत, बहुतेक बीटी आल्यानंतरच्या. ‘हिंदू’ पत्रानें स्वतः पडताळून पाहिलें तेव्हां २००३ ते २००९ ह्या वर्षांतील नऊ खऱ्या ठरल्या. ज्या पानावर ‘येथें कोणी आत्महत्या करीत नाहीं’ असें छापलें गेलें, तें पान पहिल्यानें छापतांना त्यांतील कित्येक घरांतील कुंकू पुसलें गेलेलें होतें. एकरीं वीस हजारांच्या जादा लाभाबद्दल गांवकरी म्हणाले, जादा राहूं द्या, एकूण वीस हजार मिळविणारा एक शेतकरी आम्हांस दाखवा.

येथें आम्ही एक गोष्ट स्वच्छ सांगून ठेवतों. माणूस जीव देतो तो एका पाकिटापायीं नव्हे. कर्ज, भाव, पाऊस, मुलीचें लग्न, दुखणें, बँकेचा नकार, सावकाराचा होकार, अशा दहा गांठींचा तो फास असतो. बीटीमुळेंच सर्व झालें असें म्हणणारे कांहीं विद्वान आहेत आणि बीटीमुळें कांहींच झालें नाहीं असें म्हणणारेहि आहेत. आम्ही दोघांच्याहि पंक्तीस बसत नाहीं. आमची तक्रार एवढीच आहे कीं, मेलेल्या माणसांस छापील कागदावर कोणी जिवंत करूं नये, आणि तेंहि पाकीट खपविण्यासाठीं.

आणि खरें पाहतां तें पान पाकीट खपविण्यासाठीं नव्हतेंच! इकडे नीट लक्ष द्या. २०११ सालापर्यंत देशांतील दहांत नऊ हिस्से कपाशी बीटीची झाली होती. आमच्या तालुक्याच्या दुकानांत दुसरें बियाणें मागितलें तर दुकानदार ‘कोणत्या गांवचे?’ म्हणून विचारी. आम्हांस आणखी पटवून द्यावयाचें काय राहिलें होतें? आणि इंग्रजी पत्र आमच्या किती चावड्यांवर येतें? तें पान दिल्लीकरितां होतें. त्याच ऑगस्टांत जैवतंत्रज्ञान नियमन प्राधिकरणाचें विधेयक संसदेपुढें यावयाचें होतें. त्या वेळीं तें मांडलें गेलें नाहीं. पुढें २०१३ सालीं मांडलें गेलें आणि २०१४ त लोकसभेबरोबर संपलें. परंतु ऑगस्ट २०११ मध्यें बंगल्यांत चहा पितां पितां इंग्रजी पत्र वाचणाऱ्यांस हें सांगणें जरूर होतें कीं, पाहा, यवतमाळचा शेतकरी देखील ह्या तंत्रानें न्हाऊन निघाला. म्हणजे बियाणें आम्हांस विकलें, आणि आमची सुबत्ता दिल्लीस विकली. बियाण्याचे पैसे आम्हीं दिले. सुबत्तेचे आम्हांस कोणीं दिले नाहींत.

त्याच हंगामांत ह्या कंपनीच्या जाहिरातींतून बोलगार्डनें कापूसवाल्यांचें उत्पन्न हजारों कोटींनीं वाढविल्याचे दावे झळकले. जाहिरात मानक परिषद म्हणून मुंबईस जाहिरातदारांनीं स्वतःच काढलेली एक संस्था आहे. तिच्याकडे तक्रार गेली. तक्रारींतील दावे पुराव्यानें सिद्ध झालेले नाहींत असें ह्या परिषदेस देखील म्हणावें लागलें, आणि कंपनीनें जाहिरात बदलली. झालें एवढेंच. ज्यानें वाचली त्यानें वाचली. चूक झाली हें त्याच्या दारीं सांगावयास कोण जातो?

आतां हें तंत्र आहे काय, आणि जाहिरातींत कोणती बाजू झांकली होती, तें थोडक्यांत पाहूं. मातींत एक सूक्ष्म जंतु असतो. अळीस मारक असा त्याच्या अंगचा गुण शास्त्रज्ञांनीं कपाशीच्या झाडांत उतरविला. पान किंवा बोंड खाल्लें कीं बोंडअळी मरते. हा शोध खोटा नाहीं. मार्च २००२ मध्यें सरकारनें परवानगी दिली, आणि पहिलीं कांहीं वर्षें हिरव्या बोंडअळीस चांगला आळा बसला, फवारे कमी झाले, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. परंतु अळी मरणें निराळें आणि पीक वाढणें निराळें. तुडतुडे, मावा, फुलकिडे हे रस शोषणारे किडे ह्या गुणानें मरत नाहींत. लाल्या थांबत नाहीं. पाऊस पडत नाहीं. आमची बहुतेक जमीन कोरडवाहू. फलकावरची पऱ्हाटी मात्र नेहमीं विहिरीजवळची. शिवाय हें तंत्र आपल्याकडे संकरित वाणांत घालून विकलें. संकरित वाणाची सरकी पुढच्या वर्षीं पेरून उपयोग होत नाहीं. आमचे आजे बैलगाडींतून सरकी आणून शेणांत घोळून पेरीत. आम्ही दर मृगास दुकानाच्या पायरीवर उभे राहतों. ह्यांत कंपनीची चूक म्हणा वा धंद्याची चतुराई म्हणा, पण एवढी मोठी गोष्ट फलकावर कधीं मोठ्या अक्षरांत वाचलेली आम्हांस स्मरत नाहीं.

दराचें पाहा. सुरवातीच्या वर्षांत ४५० ग्रॅमचें पाकीट १६०० ते १८५० रुपयांस मिळे. त्यांतील बियाण्याची किंमत ती केवढी! बाराशेंच्या वर रुपये हा त्या तंत्राचा कर, जो शेवटीं महिको-मॉन्सँटोकडे जाई. आपल्या महाराष्ट्रांत आम्ही कुरकुर करीत बसलों. आंध्र प्रदेशचें सरकार मात्र मक्तेदारी आयोगाकडे गेलें आणि २००६ सालीं दर एकदम साडेसातशेंच्या आसपास आले. मग इतर राज्यांतहि उतरले. लक्षांत घ्या, कंपनीचा कारखाना त्यामुळें बंद पडला नाहीं. दुकानें ओस पडलीं नाहींत. म्हणजे आदल्या वर्षीं आम्हीं जे हजार रुपये पाकिटामागें जास्त मोजले ते कशाचे होते, ह्याचा हिशेब आमच्यांतल्या चौथी पास माणसासहि करतां येईल.

चौथीचें नांव निघालें म्हणून आतां आमचाच गुन्हा सांगतों. तो सांगितल्यावांचून दुसऱ्यांचे काढण्याचा आम्हांस अधिकार नाहीं.

२००५ सालची गोष्ट. आम्हांस गुरुजी होऊन थोडींच वर्षें झालीं होतीं. जून अखेर शाळा उघडली आणि एका बियाणें कंपनीची जीप दारांत उभी राहिली. त्यांतून एक गोड बोलणारा तरुण उतरला. त्यानें मुलांना वांटण्यासाठीं साठ वह्या दिल्या. वहीच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्याशुभ्र कापसाच्या ढिगापुढें हंसणारें शेतकऱ्याचें कुटुंब, खालीं ठळक अक्षरांत एकरी उत्पन्नाचा आंकडा आणि वाणाचें नांव. आमच्या शाळेंत अर्धीं मुलें पाटीवर काम चालविणारीं. आम्हीं दोन्ही हातांनीं वह्या घेतल्या, त्याला चहा पाजला, आणि मुलांकडून आभाराच्या टाळ्या वाजवून घेतल्या. एवढ्यानें झालें नाहीं. पुठ्ठ्यावरच्या दोन ओळी सुवाच्य होत्या म्हणून त्या आम्हीं शुद्धलेखनास दिल्या! साठ मुलांनीं त्या वाणाचें नांव दहा दहा वेळां काढलें. असा प्रचारक त्या कंपनीस पगार देऊनहि मिळाला नसता.

चौथीच्या एका मुलाचा बाप तीन एकरांचा धनी. जमीन बरड, ओलीत नाहीं. त्यानें कृषि केंद्रांतून उधारीवर त्याच वाणाचीं तीन पाकिटें उचललीं. पोळ्याच्या सुमारास पावसानें दडी मारली. मग तुडतुडे, मग लाल्या. तीन एकरांत सात क्विंटल कापूस निघाला, तोहि ओला म्हणून व्यापाऱ्यानें भाव पाडून घेतला. संक्रांतीच्या आधीं त्यानें एक बैल विकला. एक बैल विकला म्हणजे दुसराहि विकल्यासारखाच, हें आमच्या वाचकांस कळेल. त्या वर्षीं आमच्या गांवच्या लोहाराकडे पाजवावयास फार फाळ आले नाहींत, आणि सुताराकडे वखराचें कामहि नव्हतें. शेतकऱ्याचा एक हंगाम बसला कीं चार घरचे भाते थंड होतात.

तो एके दिवशीं शाळा सुटल्यावर आला. हातांत मुलाची ती वही. मधलीं पानें संपलीं होतीं, पुठ्ठा शाबूत होता. म्हणाला, “गुर्जी, मोठे अक्षर म्या पोराजवळून वाचून घेतले. हे बारीक काय लिवलं हाय, तेवढं सांगा.”

मागच्या पुठ्ठ्याच्या तळाशीं मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती. आम्हीं ती तोंपर्यंत वाचली नव्हती. साठ वह्या वांटल्या, शुद्धलेखन घातलें, पण ती ओळ वाचली नव्हती. त्यांत लिहिलें होतें कीं, दाखविलेलें उत्पन्न निवडक ओलिताच्या शेतांतील आहे, इतरत्र जमीन, पाऊस व मशागत यांप्रमाणें तें कमीजास्त होईल. आम्हीं अर्थ सांगितला. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मंग पयले काऊन नाही सांगतलं?”

हें त्यानें कंपनीस विचारलें नाहीं, आम्हांस विचारलें. आणि बरोबर विचारलें. कंपनीचा माणूस पोटासाठीं फिरत होता. गांवाचा पगार आम्ही घेत होतों.

जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हां शेतकऱ्यास अक्षर येत नव्हतें आणि कारकून, कुळकर्णी, सावकार, भट हे सारे त्याच्या अज्ञानावर जगत होते. कागदावर काय लिहिलें हें त्याला कळत नसे आणि आंगठा उठवावा लागे. त्यावर उपाय एकच, लेकरांस शिकवावें. तें आपण केलें. आमच्यासारख्यांच्या दोन पिढ्या गांवोगांव तेंच करीत आल्या. पण त्यांत एक उणें राहून गेलें. आम्हीं वाचावयास शिकवितांना छापलेल्यावर विश्वास ठेवावयासहि शिकविलें. पुस्तकांत आहे म्हणजे खरें, पेपरांत आलें म्हणजे झालेंच! आंगठ्याच्या काळीं शेतकरी कागदास भीत तरी असे. आतां तो कागद आपणहून वाचतो, शेजाऱ्यास वाचून दाखवितो आणि फसतो. बातमी कोणती, जाहिरात कोणती, बोलणाऱ्याचा पगार कोठून येतो, हें विचारावयास आम्हीं शिकविलेंच नाहीं.

अळीचें पुढें काय झालें, तेंहि सांगितलें पाहिजे. एकाच विषावर वर्षानुवर्षें जगणारी अळी त्याला सरावते, हें शास्त्रज्ञ आधींपासून सांगत होते. त्यासाठींच प्रत्येक पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साध्या बियाण्याची पुडी येई. ती शेताच्या कडेनें पेरावी, म्हणजे अळीची नवी जात माजणार नाहीं, असा तो उपाय. ही पुडी कां द्यावयाची, हें किती दुकानदारांनीं किती शेतकऱ्यांस समजावून सांगितलें? वहीच्या पुठ्ठ्यावर त्यास जागा नव्हती. लोकांनीं पुड्या फेंकून दिल्या. मार्च २०१० मध्यें खुद्द मॉन्सँटोनेंच जाहीर केलें कीं, गुजरातेंतील चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या बोलगार्डला दाद देत नाहीं. दुसरें बोलगार्ड घ्या. हें जाहीर झाल्यावर दीड वर्षानें, ऑगस्ट २०११ त, बीटी कापसानें सोनें पिकल्याचें तें पान पुन्हां छापलें गेलें! पुढें दुसरें बोलगार्डहि गुलाबी अळीपुढें हतबल झालें, आणि २०१७ सालीं आमच्या जिल्ह्यांत बोंडें फोडावीं तों आंत अळी, अशी दशा झाली.

त्याच २०१७ च्या पावसाळ्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यांतील वीसच्या वर शेतकरी व शेतमजूर दगावले. शेंकडों माणसें यवतमाळच्या सरकारी रुग्णालयांत पडलीं होतीं. कोणास दिसेना, कोणास उभें राहतां येईना. ज्या जिल्ह्याच्या नांवानें फवारणीचा खर्च वांचल्याची द्वाही देशभर फिरविली, तोच हा जिल्हा. त्या वेळीं मात्र जुनें पान पुन्हां छापण्यास कोणी पैसे घेऊन आलें नाहीं.

आज जीप येत नाहीं असें नाहीं, पण तिची गरज कमी झाली आहे. जाहिरात आतां खिशांत येते. कोणी एक गडी वावरांत उभा राहून एका झाडाचीं बोंडें मोजतो, दोनशें म्हणतो, आणि खालीं फोन नंबर असतो. तो शेतकरी आहे कीं कंपनीचा भाडोत्री, हें कोठेंहि लिहिलेलें नसतें. दुसरीकडे बिनलेबलाचें ‘चोर बीटी’ म्हणून तणनाशक सहन करणारें बियाणें रात्रीं-बेरात्रीं विकलें जातें. त्याला सरकारची परवानगी नाहीं, पावती नाहीं, उगवलें नाहीं तर कोणाचें नांव घेणार? आणि दुकानांत युरिया मागितला तर त्याबरोबर कसलीशी पुडी किंवा बाटली गळ्यांत मारतात. ह्याला त्यांच्या भाषेंत ‘लिंकिंग’ म्हणतात. आमच्या आजीच्या भाषेंत ह्याला लुबाडणूक म्हणत.

कोणी म्हणेल, गुरुजी, मग तंत्रज्ञान नकोच काय? असें आम्ही म्हणत नाहीं. आम्हीहि मोबाईल वापरतों, लेकरांस लस टोंचतों. शोध लावणाराशीं आमचें भांडण नाहीं. शोधाची एक बाजू मोठ्या अक्षरांत आणि दुसरी बारीक अक्षरांत छापणाराशीं आहे. आणि कायदा ह्या बाबतींत आतां आमच्या बाजूस थोडा सरकला आहे. बियाण्याच्या कंपन्या पूर्वीं म्हणत, शेतकरी हा ग्राहकच नव्हे. जानेवारी २०१२ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यांत स्पष्ट सांगितलें कीं, बियाणें विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि तो ग्राहक मंचाकडे जाऊं शकतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यांत फसव्या जाहिरातीस पहिल्या खेपेस दहा लाखांपर्यंत दंड ठेविला आहे. २०२२ सालच्या नियमांप्रमाणें दावा ज्या भाषेंत, खालची सूचनाहि त्याच भाषेंत आणि त्याच अक्षरांत पाहिजे. म्हणजे वर मराठींत सोनें आणि खालीं मुंगीएवढ्या इंग्रजींत पितळ, हा खेळ आतां बेकायदा आहे. पण कायदा पावती मागतो. पावती आमच्यापाशीं नसते, कारण उधारीवर घेणाऱ्यानें पावती मागितली तर दुकानदाराचें तोंड फिरतें, आणि पुढची उधारी बंद होते. हें आम्हांस ठाऊक आहे. म्हणून एकट्यानें मागूं नये. दहा जणांनीं एका दिवशीं एकत्र जाऊन बियाणें घ्यावें आणि दहा पावत्या मागाव्या. दहा गिऱ्हाइकांकडे पाठ फिरविणारा दुकानदार आम्हीं अजून पाहिला नाहीं. रिकामें पाकीट पावतीसह जपून ठेवावें, त्यावरील लॉट नंबर खोडूं देऊं नये. उगवण फसली तर आठ दिवसांच्या आंत तालुक्याच्या कृषि कचेरींत लेखी अर्ज देऊन पंचनामा मागावा. पीक मोडून दुबार पेरणी केल्यावर पुरावा उरत नाहीं.

आमच्या शाळेंत आम्हीं दहा वर्षांपासून एक क्रम ठेविला आहे. मे महिन्याच्या शेवटल्या रविवारीं शाळेच्या ओट्यावर बसतों. ज्याला पाहिजे त्यानें पाकीट, माहितीपत्रक, मोबाईलवरचें चित्र, वर्तमानपत्राचें पान, काय असेल तें घेऊन यावें. चौथीचीं व पांचवीचीं मुलें तें मोठ्यानें वाचतात, बारीक अक्षरासकट. इंग्रजी असेल तर हायस्कुलांत जाणाऱ्या मुली अर्थ लावतात. उगवणशक्ति किती टक्के लिहिली आहे, तपासणीची तारीख कोणती, मुदत कधीं संपते, चित्रांतील शेत ओलिताचें कीं कोरडवाहू, आणि छापण्याचे पैसे कोणीं दिले, हे प्रश्न विचारले जातात. चहा आमच्याकडे. ज्याच्या वहीवरून आम्ही शिकलों तो मुलगा आतां बाप झाला आहे. गेल्या वर्षीं तो आपल्या पोरीस घेऊन आला होता. इतर गांवच्या गुरुजींनीं हा क्रम आपल्या ओट्यावर सुरू करावा. कांहीं अडचण आल्यास ह्या पत्राच्या पत्त्यावर आम्हांस लिहावें, आम्ही उत्तर देऊं.